अकोंकाग्वा: नॉर्मल रूट, वारा आणि राखीव दिवस

घाटवाट

इथल्या भटकंतीच्या धाग्यांवर हल्ली अकोंकाग्वाची चौकशी वारंवार होते. "सात खंडांतल्या सात शिखरांपैकी एक तरी करायचंय", "दोर लागत नाही म्हणे, मग सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला काय अवघड", असे प्रश्न. मी ही चढाई नॉर्मल रूटने (म्हणजे बहुतेकजण जातात त्या नेहमीच्या वाटेने) केली आहे, म्हणून जे माहीत आहे ते एका जागी लिहून ठेवते. माझा मुद्दा आधीच सांगते: या डोंगरावर बाकी कशातही काटकसर करा, राखीव दिवसांत, म्हणजे खराब हवामानासाठी हाताशी ठेवलेल्या जास्तीच्या दिवसांत करू नका. ते धरून तीन-साडेतीन आठवडे हाताशी ठेवा.

डोंगर अर्जेंटिनाच्या मेंडोसा प्रांतात, चिलीच्या सरहद्दीजवळ. उंची ६,९६१ मीटर. आशियाबाहेर याहून उंच डोंगर नाही. तिकडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यात, त्यामुळे हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत आणि खरी गर्दी डिसेंबरच्या उत्तरार्धात व जानेवारीत.

मेंडोसा शहरातून उस्पायातावरून रस्ता पेनितेन्तेस आणि पुएन्ते देल इंकाला जातो (सुमारे २,७०० मी.). पुढे ओरकोनेस दरीच्या तोंडाशी पार्कचं ठाणं. तिथे परवाना तपासतात आणि प्रत्येकाच्या हाती क्रमांक टाकलेली कचऱ्याची पिशवी देतात. परतताना ती भरलेली दाखवावी लागते, नाहीतर दंड. पहिला मुक्काम कॉन्फ्लुएन्सिया, ३,४०० मी. इथून एक दिवस प्लाझा फ्रान्सियाकडे जाऊन यायचं ते सरावासाठी, पण समोर जे दिसतं त्यासाठी मी परत जाईन. अकोंकाग्वाचा दक्षिण कडा, जवळजवळ तीन किलोमीटर उंचीची बर्फाची आणि कातळाची भिंत. १९५४ मध्ये फ्रेंच गिर्यारोहकांनी ती पहिल्यांदा चढली आणि त्यांच्यापैकी अनेकांना हिमदंशाने बोटं गमवावी लागली. 'सोप्या' डोंगराची ही दुसरी बाजू आपण चढणार नसलो तरी बघून घ्यावी.

मग प्लाझा दे मुलास, सुमारे ४,३०० मी. हा बेस कॅम्प. तिथे पोचायचा दिवस फार लांबतो. प्लाया आन्चाचं दगडगोट्यांचं रुंद पात्र संपता संपत नाही, सावली कुठेच नाही, आणि पाय भरून आल्यावर शेवटी कुएस्ता ब्रावाची चढण. मोठं सामान खेचरांवर येतं, आपल्या पाठीवर फक्त दिवसाची सॅक. बेसच्या वर खेचर जात नाही. तिथून प्लाझा कॅनडा (५,०५० मी.), निदो दे कोंदोरेस (५,५५० मी.) आणि कोलेरा (५,९७० मी.) असे तीन कॅम्प, आणि सामान आपल्यालाच न्यायचं: अर्धं नेऊन ठेवायचं, खाली येऊन झोपायचं, मग उरलेलं घेऊन वर राहायला जायचं.

समिटचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. कोलेराहून वर साधारण हजार मीटरची चढाई. आधी नागमोडी वाट, मग ६,३८० मीटरच्या आसपास इंडिपेंडेन्सिया नावाची मोडकी लाकडी झोपडी. इथे क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाखाली लावायचे धातूचे काटे) चढवायचे की नाही ते बर्फ बघून ठरतं. त्यापुढे खिंडीत वारा अंगावर येतो आणि ग्रान आकार्रेओ या प्रचंड घसाऱ्याच्या डोक्यावरून लांब आडवी चाल मारावी लागते. डावीकडे चढ, उजवीकडे सरळ खाली गेलेला उतार. ला क्वेवा या कातळाच्या आडोशाला सगळे थांबतात आणि बरेचजण तिथूनच परततात, कारण पुढची कॅनालेता ही उभी नळी तिथून नजरेत येते. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ज्यांनी केली आहे त्यांनी ती डोळ्यांपुढे आणावी, फक्त दगड सुटे आणि हवा निम्म्याहून कमी. दोन पावलं टाकायची, चार श्वास घ्यायचे. ती संपली की ग्वानाको धार, मग माथा. एक छोटा क्रूस आहे. दक्षिण शिखर (६,९३० मी.) समोर आणि त्याच्या खाली तोच कडा, आता वरून.

यात कुठेही दोर लावावा लागत नाही हे खरं. पण पॅसिफिकचा किनारा तिथून जेमतेम दीडशे किलोमीटर. समुद्रावरून आलेल्या पश्चिमी वाऱ्याला वाटेत अडवणारं याहून उंच काही नाही. वर ताशी शंभर किलोमीटरचा वारा ही नवलाची गोष्ट नाही. त्यात सुटा बर्फ उडू लागला की त्याला तिथले लोक व्हिएन्तो ब्लांको, पांढरा वारा म्हणतात, आणि दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो. असा वारा चालू असताना तंदुरुस्तीचा काही उपयोग नसतो. तो थांबेपर्यंत थांबता येतंय का, एवढाच प्रश्न उरतो. आमच्या गटाने प्लाझा दे मुलासला मुक्काम वाढवून वाट पाहिली आणि मग निरभ्र, जवळपास शांत दिवस मिळाला. ज्यांचं परतीचं विमान ठरलेलं होतं ते त्याच सुमारास खाली उतरत होते. त्यांच्यात आमच्याहून दमदार माणसं होती.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

सांजधुके

वाचनखूण साठवली! ताई, सह्याद्रीत दर आठवड्याला जातो. कळसूबाई, रतनगड, सांधण सगळं झालंय. थेट अकोंकाग्वाला यावं का?

घाटवाट

सांजधुके, पाय, तोल, घसाऱ्यावर पाऊल टाकायची सवय हे सगळं सह्याद्री देतो आणि ते तिथे फार कामाला येतं. कॅनालेतावर माझं पाऊल मैदानी धावपटूंपेक्षा स्थिर होतं. पण कळसूबाई १,६४६ मीटर आहे. उंचीवर आपलं शरीर कसं वागतं ते सह्याद्रीत कळायला मार्गच नाही. आधी हिमालयात ६,००० मीटरच्या आसपास एक तरी शिखर करा. पूर्वी सगळे लडाखच्या स्टोक कांगरीला जायचे. ते २०२० मध्ये चढाईसाठी बंद केलं, तेव्हा आता कांग यात्से-२ किंवा युनामसारखे पर्याय बघा. शक्य असेल तर उत्तरकाशी, मनाली किंवा दार्जिलिंगच्या संस्थेत बेसिक कोर्स. क्रॅम्पॉन घालून चालणं आणि घसरल्यावर आइस ॲक्सने स्वतःला थांबवणं हे अंगात मुरलेलं हवं, समिटच्या पहाटे शिकायचं नव्हे.

स्टेथो

मी डॉक्टर आहे, उंचीवरच्या आजारांत विशेष रस आहे, म्हणून थोडं लिहितो.

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ४० टक्के असतो. म्हणजे हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच, पण प्रत्येक श्वासात मिळतो तो निम्म्याहून कमी. शरीर याच्याशी जुळवून घेतं, मात्र त्याला दिवस लागतात आणि घाई करून ते लवकर होत नाही. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज सुमारे ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक विश्रांती घ्यावी, हा सर्वमान्य नियम. अकोंकाग्वावर कॉन्फ्लुएन्सिया ते मुलास ही उडीच ९०० मीटरची आहे, म्हणून आधी कॉन्फ्लुएन्सियाला दोन रात्री आणि मुलासला पोचल्यावर पुन्हा विश्रांती.

दोन्ही ठिकाणी पार्कचे डॉक्टर तपासणी करतात: रक्तदाब, ऑक्सिजन, छातीचे आवाज. ती सक्तीची आहे आणि तिच्याशिवाय वर सोडत नाहीत. मुलासला रक्तातला ऑक्सिजन ऐंशी टक्क्यांच्या घरात दिसला तर लोक घाबरतात. त्या उंचीला तो नेहमीचाच आकडा आहे. आकड्यापेक्षा माणूस बघायचा: भूक आहे का, झोप लागतेय का, बोलणं नीट आहे का. रक्तदाब मात्र खरी अडचण ठरतो. ज्यांना आधीच औषध चालू आहे त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बसून बोलावं.

ॲसिटाझोलामाइड (डायमॉक्स) उंचीच्या आजाराच्या प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आपल्या मनाने घेऊ नये. आणि हे लक्षात ठेवा: बसल्या जागी धाप लागणं, कोरडा खोकला वाढत जाणं हे फुप्फुसात पाणी होत असल्याचं लक्षण. सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता न येणं, बडबडणं हे मेंदूला सूज येत असल्याचं. दोन्हींवर पहिला उपचार खाली उतरणं. रात्र असली तरी, समिट तासाभरावर असलं तरी.

कातळशिल्प

स्टेथो, फार उपयोगी. सकाळी बघू म्हणून रात्र काढणारे गट हिमालयातही पाहिलेत.

एक भूशास्त्रीय भर. अकोंकाग्वा ज्वालामुखी आहे असं बरेचदा छापून येतं. त्याचे खडक ज्वालामुखीचे आहेत, पण तो आज ज्वालामुखी नाही. नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेखाली सरकतो तो या भागात जवळजवळ आडवा सरकतो, त्यामुळे वर शिलारस तयार होणं थांबलं आणि जुने खडक दाबाने उचलले गेले. जगातला सर्वांत उंच ज्वालामुखी म्हणजे उत्तरेकडचा ओहोस देल सालादो, ६,८९३ मी.

आणि पेनितेन्तेस म्हणतात त्या बर्फाच्या उभ्या पात्यांबद्दल ताईंनी लिहिलं नाही. कोरडी हवा आणि प्रखर ऊन यामुळे बर्फ वितळण्याऐवजी थेट वाफ होतो, खळगे आणखी खोल होतात आणि शेवटी माणसाच्या उंचीची पाती उभी राहतात. १८३५ मध्ये सँटियागोहून मेंडोसाला अँडीज ओलांडताना चार्ल्स डार्विनने ही पाती पाहून लिहून ठेवली. परतताना तो पुएन्ते देल इंकावरून गेला. तिथला नैसर्गिक पूल उष्ण झऱ्यांच्या खनिजांनी पिवळाधमक झालेला आहे.

भीमाकाठ

इतिहासाचा धागा मी पकडतो. १८८३ मध्ये जर्मनीचा पॉल ग्युसफेल्ट चिलीकडून येऊन साडेसहा हजार मीटरच्या पुढे पोचला आणि हवामानाने परतला. १८९७ मध्ये एडवर्ड फिट्झजेराल्डची मोहीम आली. स्वतः फिट्झजेराल्ड उंचीच्या त्रासाने पुन्हा पुन्हा मागे फिरला आणि १४ जानेवारी १८९७ रोजी त्याचा स्विस वाटाड्या मातियास त्सुरब्रिगेन एकटाच माथ्यावर गेला. त्याच मोहिमेतले स्टुअर्ट व्हाइन्स आणि निकोला लान्ती महिनाभराने चढले. मोहिमेच्या मालकाला मात्र शिखर लाभलं नाही.

पण 'पहिला माणूस' म्हणताना जपून बोलावं. १९८५ मध्ये गिर्यारोहकांना नैर्ऋत्य धारेवर सुमारे ५,३०० मीटरवर एका मुलाची ममी सापडली. साधारण सात वर्षांचा मुलगा, इंकांनी विधीपूर्वक बळी दिलेला, कापडांत गुंडाळून दगडी बांधकामात ठेवलेला, सोबत छोट्या मूर्ती. त्सुरब्रिगेनच्या चारशे वर्षं आधी लोक त्या उंचीला एका लहान मुलाला घेऊन गेले होते. मी हे वाचलं तेव्हापासून त्या डोंगराचं नाव घेतलं की आधी तो मुलगा आठवतो, समिट नंतर.

घाटवाट

भीमाकाठ, धन्यवाद. पुएन्ते देल इंकाजवळ गिर्यारोहकांची छोटी दफनभूमी आहे. वर जाण्याआधी आम्ही सगळे तिथे थांबलो होतो. प्रत्येकाने थांबावं असं मला वाटतं.

कड्याकाठी

लेख चांगला, पण राखीव दिवसांबद्दल असहमत. नोकरदार माणसाला सलग तीन-साडेतीन आठवडे रजा कोण देतं? आमच्या ओळखीतला गट दोन आठवड्यांत करून आला. तयारी जोरदार असेल तर होतं. तुमच्या हिशेबाने ही चढाई फक्त निवृत्तांची आणि श्रीमंतांची ठरेल.

घाटवाट

कड्याकाठी, रजेची अडचण खरी आहे, मलाही नोकरी सांभाळूनच जावं लागलं. दोन आठवड्यांत होतं, हेही खरं, पण वाऱ्याने साथ दिली तर. तो गट ज्या दिवशी चढला तो दिवस चांगला निघाला. त्यात त्यांच्या तयारीचा वाटा आहे, वाऱ्याचाही आहे.

मला भीती वाटते ती समिट हुकण्याची नाही. हातात एकच दिवस उरला की माणूस वाईट हवामानातही निघतो आणि दुपार टळली तरी परत फिरत नाही. जानेवारी २००९ मध्ये एक इटालियन गट माथा गाठल्यावर वादळात सापडला आणि वाट चुकून उलट बाजूला, पोलिश हिमनदीच्या अंगाला उतरला. त्यात एक गिर्यारोहक आणि गटाचा अनुभवी अर्जेंटिनी गाइड दोघे गेले. २०१५ च्या मार्चमध्ये आपला मल्ली मस्तान बाबू, ज्याने सात खंडांची सात शिखरं २००६ मध्ये १७२ दिवसांत केली होती, तो याच अँडीजमध्ये सेरो त्रेस क्रूसेसवर एकटा असताना वारला. इतका तयार माणूस. ही नावं मी कुणाचा दोष काढायला घेत नाही. अँडीजचं हवामान अनुभवी माणसालाही सोडत नाही, एवढंच सांगायचंय.

खर्चाचं म्हणाल, तर राखीव दिवसांचा खर्च तंबू आणि जेवण एवढाच. विमान, परवाना, बूट यांचा खर्च झालेलाच असतो. रजा मिळतच नसेल तर अजून एक-दोन वर्षं थांबा आणि रजा साठवा, असं मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगेन.

कड्याकाठी

उलट बाजूला उतरल्याची घटना माहीत नव्हती. रजेचं गणित पुन्हा मांडून बघतो. पण मग वेळ वाचवायचा दुसरा काही मार्ग?

सांतियागोकर

आहे. मी चिलीत राहतो. मेंडोसाजवळ कोर्दोन देल प्लाता ही रांग आहे, व्हायेसितोस गावावरून वर जाता येतं, आणि सेरो प्लाता ५,९०० मीटरच्या वर आहे. अनेक स्थानिक आधी तिथे सराव करून मग अकोंकाग्वाला जातात. एकूण दिवस फारसे कमी होत नाहीत, पण महागड्या परवान्यावरचा वेळ वाऱ्यासाठी मोकळा राहतो.

सँटियागोमार्गे येणाऱ्यांसाठी: बस पकडलीत तर खिंडीतला बोगदा ओलांडून थेट डोंगराच्या पायथ्याशी याल, रस्ता अप्रतिम आहे. बोगद्याच्या वर, जुन्या खिंडीत ख्रिस्ताचा मोठा ब्राँझचा पुतळा आहे, चिली आणि अर्जेंटिनाने सरहद्दीचा तंटा युद्धाविना मिटवल्याच्या आठवणीत १९०४ मध्ये उभारलेला. पण खाऊच्या बाबतीत सावध! चिलीत शेतीमाल आणि प्राणिजन्य पदार्थांची तपासणी अतिशय कडक. बियाणं, फळं, मध, घरचं तूप जे काही असेल ते फॉर्मवर लिहा. लिहिलेलं फार तर काढून घेतील, लपवलेल्यावर दंड आहे.

पिठलंभाकरी

खाण्याचा विषय निघालाच आहे तर: शाकाहारी माणसाचं वर काय होतं? अर्जेंटिना म्हणजे मांसच मांस असं ऐकलंय.

घाटवाट

मुलासपर्यंत काही अडत नाही. बेस कॅम्पला मोठे जेवणाचे तंबू असतात, आधी कळवलं तर शाकाहारी देतात. वरच्या कॅम्पांवर खरी परीक्षा. निदोला पाणी ऐंशी-ब्याऐंशी अंशांना उकळतं, त्यामुळे डाळ-तांदूळ शिजण्याची आशा सोडा. गरम पाणी ओतून होतं तेवढंच न्या: झटपट पोहे, उपमा, कुसकुस, बटाट्याची पूड, सूप. मेतकूट आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी यांनी माझी भूक टिकवली, कारण उंचीवर गोड नकोसं होतं आणि तिखट-खारट जातं. दिवसाला चार लिटर पाणी पोटात जायला हवं, आणि वर ते सगळं बर्फ वितळवून करायचं. संध्याकाळचे कित्येक तास त्यातच जातात. कॉन्फ्लुएन्सियाच्या पाण्यात खनिजं जास्त आहेत, काहींचं पोट तिथेच बिघडतं. पाण्याची चौकशी कॅम्पवर करूनच प्या.

ओवी_२१

ताई, मुलगी तेरा वर्षांची आहे, काम्या कार्तिकेयनची बातमी वाचल्यापासून हट्ट धरून बसलीय. काय सांगू?

घाटवाट

ओवी, मुंबईच्या काम्याने १ फेब्रुवारी २०२० ला, वयाच्या बाराव्या वर्षी हे शिखर केलं. पण त्याआधी ती लहानपणापासून हिमालयात चालत होती आणि लडाखमध्ये ६,००० मीटरच्या वर जाऊन आलेली होती, वडील सोबत. लेकीचा हट्ट मोडू नका, त्याला वाट द्या. यंदा हिमालयातला एखादा चार हजार मीटरचा ट्रेक, मग पुढच्या वर्षी थोडं वर. अल्पवयीन मुलांच्या परवान्याचे नियम वेगळे आणि कडक आहेत, ते पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा.

रानजाई

खेचरांबद्दल लिहा ना. त्यांचे हाल होतात का? आणि शौचाचं काय, इतकी माणसं तिथे?

घाटवाट

एका खेचरावर साधारण ६० किलो, दोन्ही बाजूंना तीस-तीस. वजन करून बांधतात. हाकणाऱ्यांना आरिएरो म्हणतात. जनावरांना ते नावाने हाक मारतात, वाटेत पाय तपासतात. जनावरांसाठी वाट कठीण आहे यात शंका नाही. म्हणून नको ते सामान नेऊच नका, हा आपल्या हातातला भाग.

शौचासाठी बेस कॅम्पवर संडास आहेत, खाली पिंपं असतात आणि ती हेलिकॉप्टरने उचलून नेतात. वरच्या कॅम्पांवर पिशवीत करून ती खाली आणायची. काहींना किळस येते. पण तिथे इतकी कोरडी थंडी आहे की काहीच कुजत नाही, आणि प्यायचं पाणी आपण त्याच बर्फाचं करतो.

सांजधुके

शेवटचा प्रश्न. वाकास दरीकडून जाणारी वाट नॉर्मलपेक्षा चांगली का?

घाटवाट

ती वाट मी केलेली नाही, सोबतच्या गाइडांकडून ऐकलेलं सांगते. वाकास दरीतून प्लाझा अर्जेंटिनाला (४,२०० मी.) तीन दिवस चालत जावं लागतं. गर्दी कमी, वाटेत ग्वानाको (लामाच्या कुळातले रानटी प्राणी) दिसतात, आणि चढ हळूहळू असल्याने शरीर बरं जुळतं. पुढे पोलिश हिमनदीच्या बाजूने कॅम्प करत कोलेराला नॉर्मल रूट मिळतो, आणि बहुतेक गट उतरताना प्लाझा दे मुलासकडे येतात. म्हणजे डोंगराला पूर्ण वळसा. अडचण एवढीच की बेसवर ठेवलेलं सामान एका दरीत आणि तुम्ही दुसऱ्या दरीत. खेचरांचा करार करतानाच परतीचं सामान कुठे, कधी मिळणार ते लिहून घ्या, आणि परवाना कोणत्या मार्गाचा काढताय ते दोनदा तपासा.